बाडांचे फोटो आणि भिंगाचं इन्स्पेक्शन : माझ्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

काल कणकुंबीकडं मामांच्या गावाला जाऊन आलो. देवळाच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत भजनी मंडळाची जुनी बाडं आहेत, मोजली तर अकरा भरली. हातानं लिहिलेले अभंग, गवळणी, मधेच हिशेब, कुठं कुठं बोटाएवढे फोटो पानाला डकवलेले. कसर लागली आहे, आणि तिथला पाऊस म्हणजे मलप्रभा जिथं उगम पावते तिथला पाऊस, कागद हातात घेतला तर पापडासारखा नाही, ओल्या भाकरीसारखा लागतो. मामा म्हणाले, आणखी दोन पावसाळे काढायचे नाहीत ह्यांनी, काहीतरी कर. स्कॅनरवर उलटं दाबलं तर शिवण तुटणार, म्हणून वरनं कॅमेऱ्यानंच घ्यायचं ठरलं.

दाजींचा कॅनन २००डी आणला, सोबत आलेली १८-५५ किट लेन्स. दाजी लग्नाचं शूटिंग करतात, म्हणाले ह्याच्यावर शंभर लग्नं काढली, तुला पानं काढायला काय कमी पडणार. घरी एक जुनी वही टेबलावर ठेवून ट्रायपॉड वाकवून फोटो काढला. मधली ओळ झकास. कोपऱ्यातला पेन्सिलीचा मजकूर मात्र धुक्यात गेल्यासारखा, आणि कडेची रेघ पोट सुटल्यागत बाहेर आलेली. म्हणजे लेन्स बदलायला हवी, असं आज रात्री साडेअकराला माझं मत झालं आहे.

११ जून

तीन दिवस रोज कामावरनं आल्यावर व्हिडिओ बघूलोय. सगळे सांगतात "शार्प आहे". कशावर शार्प, किती शार्प, कडेला काय, एक जण बोलत नाही. पंधरा मिनिटांतली पाच मिनिटं डबा उघडण्यात जातात, मग एक पोरगी झाडाखाली उभी, मागचं धूसर, झाला रिव्ह्यू. वर्णनात खाली खरेदीची लिंक. अहो मागचं धूसर बघून मी काय करू, माझ्या वहीला मागं काही नाहीच, टेबल आहे.

बायको म्हणाली, "एवढं काय बघूलास? घेऊन टाक की कुठली तरी." मी इथं बेळगावला उद्यमबागेतल्या कारखान्यात क्वालिटीला आहे, अठरा वर्षं कास्टिंग मशीनिंग करून आलेलं मापतोय. सप्लायर "एकदम ओके माल आहे साहेब" म्हणाला म्हणून आम्ही लॉट उतरवून घेत नाही, रिपोर्ट मागतो. मग इथं का नाही मागायचा?

१३ जून

रिपोर्ट असतात हो. आज रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसलो. लेन्सटिप म्हणून पोलंडचे लोक आहेत, ते रॉ फाइलवर (कॅमेऱ्यानं काही संस्कार न केलेली कच्ची फाइल) माप घेतात, शार्पनिंग न करता, आणि आकडे लावून देतात. पूर्वीचं फोटोझोन, आता ऑप्टिकल लिमिट्स, तेही आकडे देतात. द डिजिटल पिक्चरवर तर चार्टचे तुकडेच बघायला मिळतात, एका लेन्सवरनं दुसरीवर क्लिक केलं की मध्य, मधला भाग, कोपरा आपल्या डोळ्यानं ताडून बघता येतो. ह्यातलं मला सगळ्यात हेच आवडलं, कारण आकडा कुणी का काढेना, पुरावा समोर ठेवलेला असतो.

आज शिकलो ते लिहून ठेवतो नाहीतर विसरीन. बहुतेक आकडे एमटीएफ५० चे. काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा अजून बारीक करत गेलं की कॉन्ट्रास्ट उतरत जातो, तो निम्म्यावर कुठल्या बारकाईला येतो तो आकडा. मोजायला रेघाच लागतात असं नाही, जरा तिरकी धरलेली एक काळी कड पुरते, ती पद्धत आयएसओ १२२३३ मध्ये आहे, २००० सालापासून. तिरकी का, तर कड पिक्सेलांना हळूहळू कापत जाते आणि एका पिक्सेलच्या आतला उतार पण हाती लागतो. भारी डोकं लावलंय कुणीतरी.

आणि पहिली ठेच पण आजच लागली. दोन लेन्सची तुलना वहीत मांडून खूश झालो, मग कळलं की एकीचं माप ८ मेगापिक्सेलच्या ३५०डी वर घेतलेलं आणि दुसरीचं १५ मेगापिक्सेलच्या ५०डी वर. कॅमेराच कमी बघतो तर लेन्सचा आकडा चढणार कुठनं. ते लोक स्वतःच लिहून ठेवतात की हे दोन आकडे एकमेकांशी लावू नका, पण ते वाचायच्या आत माझा तक्ता तयार. व्हर्नियरचं माप आणि मायक्रोमीटरचं माप एका रकान्यात लिहिल्यासारखं झालं. तक्ता फाडला.

१५ जून, रविवार

दिवसभर पाऊस, लाईट दोनदा गेली. मोबाईलवर कंपन्यांचे एमटीएफ ग्राफ बघत बसलो.

आडव्या रेषेवर मध्यापासनं अंतर मिलिमीटरमध्ये, उभीवर कॉन्ट्रास्ट शून्य ते एक. १० रेघा प्रति मिलिमीटर आणि ३० रेघा प्रति मिलिमीटर असे बहुतेक दोन संच, जाड कॉन्ट्रास्ट आणि बारीक तपशील म्हणा. प्रत्येकाच्या परत दोन ओळी, एक मध्यातनं बाहेर जाणाऱ्या रेघांची, एक तिला आडव्या रेघांची. त्या दोन ओळी एकमेकींना सोडून पांगल्या की कडेला अक्षराची एक बाजू धारदार, दुसरी फासलेली. आपल्या देवनागरीत शिरोरेघ आडवी आणि काना उभा, म्हणजे आपल्याला ते लगेच दिसणार.

फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरसाठी केलेल्या लेन्सचा ग्राफ २१.६ मिलिमीटरपर्यंत जातो. दाजींच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ बाय १४.९, त्याचा कोपरा मध्यापासनं १३.४ वर. म्हणजे ग्राफचा शेवटचा जो भाग धाडकन खाली पडतो तो माझ्या उपयोगाचाच नाही, १३.४ वर पेन्सिलनं उभी रेघ मारायची आणि पुढचं झाकून वाचायचं.

पण खरी गोम पुढं आहे. हे ग्राफ बऱ्याच कंपन्यांचे कॉम्प्युटरवर गणित करून काढलेले असतात, डिझाइनचे, तयार झालेल्या मालाचे नव्हेत. म्हणजे ड्रॉइंग. अहो, ड्रॉइंग कुणाचं वाईट असतं? आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये बोअर गोलच असतो. झाइस मोजून छापतं, ते मानलं. सिग्मानं २०१२ पासून नव्या सिरीजची प्रत्येक लेन्स स्वतःच्या मशीनवर एमटीएफ बघून बाहेर सोडायला सुरुवात केली, हे वाचून तर मला आमच्या साहेबांना फॉरवर्ड करावंसं वाटलं, शंभर टक्के इन्स्पेक्शन म्हणतात ते हे. केलं नाही फॉरवर्ड.

१८ जून

कॅन्टीनमध्ये विषय काढला. टूलरूमवाला म्हणाला, त्या रिव्ह्यूवाल्यानं किती पीस तपासले? मी म्हटलं एक. "मग एका पिसावर लॉट पास?" आणि चहा पिऊन गेला उठून.

बरोबर आहे की. एका लेन्समध्ये दहा-पंधरा काचा, प्रत्येक काच कणभर तिरकी किंवा सरकलेली असू शकते, ती एकीकडं तिरकी बसली की फोटोचा एकच कोपरा धूसर होतो. रिव्ह्यू करणाऱ्याला चांगला पीस मिळाला तर लेन्स थोर, वाईट मिळाला तर भिकार. एकाच लेन्सबद्दल दोन ठिकाणी उलटी मतं का, ह्याचं निम्मं उत्तर इथं आहे.

लॉट तपासणारा एकच सापडला. अमेरिकेत टेनेसीला लेन्सरेंटल्स म्हणून लेन्स भाड्यानं देणारी कंपनी आहे, तिचे संस्थापक रॉजर सिकाला. त्यांच्याकडं एकेका लेन्सचे ढीगभर पीस, त्यातले दहा घेऊन ऑप्टिकल बेंचवर कॅमेरा न लावता नुसती लेन्स मोजायची, सरासरी छापायची, आणि सरासरीभोवती पीस किती पसरतात ते पण छापायचं. आमच्या क्वालिटीतला रेंज चार्टच म्हणा. वाचताना माझ्या अंगावर काटा आला, लेन्सच्या जगात पहिल्यांदा कुणी माझ्या भाषेत बोललं.

तरी एक अडचण राहतेच. ते माप अनंत अंतरावर फोकस ठेवून. कंपन्यांचे ग्राफ पण तसेच. म्हणजे सगळा पुरावा राजहंसगडावरनं बेळगाव बघण्याचा, आणि माझी वही पाऊण मीटरवर. लांबवर सपाट असणारी लेन्स जवळ आल्यावर वाटीसारखा फोकस धरू शकते, मध्य कागदावर आणि कोपरे हवेत. जवळनं सपाट पान सपाटच घ्यायचं तर त्याच कामासाठी केलेली मॅक्रो लेन्स, एवढं नक्की झालं.

१९ जून

डीएक्सओमार्क ह्या टेस्टिंगच्या साइटचा एकेरी स्कोअर बघून मॅक्रोला नाक मुरडणाऱ्यांसाठी (म्हणजे दाजींसाठी, त्यांनी आज स्क्रीनशॉट पाठवला): तो स्कोअर कमी उजेडातल्या कामाचा हिशेब धरून काढतात, त्यात एफ/१.४ वाली (एफचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं, उजेड जास्त) आपोआप वर जाते आणि एफ/२.८ ची मॅक्रो खाली. मी एफ/८ वर, दोन दिवे लावून, न हलणारं पान काढणार. तो गुण मला लागूच नाही. शिवाय तो लेन्सचा एकटीचा नसतोच, कुठल्या कॅमेऱ्यावर लावली त्यावर बदलतो. खालच्या टॅबमधली मोजमापं बघितली तर कामाची आहेत, पण तिथंवर कोण जातोय.

२२ जून, रविवार

दाजींच्या वडिलांच्या स्टुडिओतला एन्लार्जर (निगेटिव्हवरनं मोठे फोटो काढायचं जुनं यंत्र) मिळाला! डोकं काढून टाकलं, खांब आणि सरकपट्टी ठेवली, त्यावर कॅमेरा खाली तोंड करून बसवला. खाली पाट म्हणून कंपनीत भंगारात काढलेली बारा बाय बारा इंची सरफेस प्लेट, साहेबांना विचारून आणली. उचलताना कंबर धरली. पण असा सपाट पाट अख्ख्या खानापूर तालुक्यात कुठल्या बाडाला मिळाला नसेल.

आता हिशेब. पान चोवीस सेंटिमीटर, फ्रेममध्ये पंचवीस धरलं तर ६००० पिक्सेल भागिले २५० मिलिमीटर, चोवीस पिक्सेल एका मिलिमीटरला, म्हणजे ६१० पीपीआय (पिक्सेल प्रति इंच). पुष्कळ झालं. पान सेन्सरवर अकरा पटीनं लहान पडणार. अंतर ढोबळ मानानं फोकल लेंथ गुणिले बारा. १०० मिलिमीटरच्या मॅक्रोला १२० सेंटिमीटर लागतात आणि माझा खांब पंच्याऐंशीचा. ६० ला बहात्तर. संपला विषय. ज्या १०० च्या मॅक्रोबद्दल आठवडाभर वाचलं, जिला सगळ्यांनी डोक्यावर घेतलंय, ती माझ्या खांबावर बसतच नाही. हा हिशेब पहिल्या दिवशी करायला पाहिजे होता, पाच मिनिटांचं काम होतं.

म्हणजे कॅननची ईएफ-एस ६० एफ/२.८ मॅक्रो, २००५ सालची, फक्त छोट्या सेन्सरला बसणारी, एकास एक पर्यंत, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी पडेल इतकी जवळ जाते. ते पानावर डकवलेले तीन सेंटिमीटरचे फोटो किट लेन्सनं फ्रेमच्या जेमतेम एक तृतीयांश भरतात, हिनं पूर्ण भरतील. घ्यायची तर सेकंडहँड.

२८ जून

घ्यायच्या आधी माझ्याकडं स्वतःचं गेज पाहिजे म्हणून एमटीएफ मॅपर उतरवून घेतलं, फ्रान्स व्हॅन डेन बर्ग यांनी केलेलं, फुकट. तिरक्या काळ्या चौकोनांचा चार्ट कंपनीतल्या लेसर प्रिंटरवर काढला, प्लेटवर चिकटवला, किट लेन्सनं एफ/८ ला फोटो.

मध्य ०.२५ सायकल प्रति पिक्सेल (हा तोच एमटीएफ५०, आकडा मोठा तेवढं शार्प). वरचे कोपरे ०.१९ आणि ०.१८. खालचे दोन्ही ०.११.

किट लेन्सला चार शिव्या दिल्या आणि झोपलो.

२९ जून, रविवार

सकाळी सुचलं. वरचे दोन चांगले, खालचे दोन वाईट, हे लेन्सचं लक्षण की सेटिंगचं? जॉबमध्ये टेपर आला तर आधी मशीन बघतात, टूल नंतर.

जुनी युक्ती सापडली ती केली. प्लेटवर आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातनं त्यात लेन्सचंच प्रतिबिंब बघायचं, ते बरोब्बर मध्यावर आलं की सेन्सर पाटाला समांतर. (प्रतिबिंब दुप्पट अंतरावर असतं, फोकस परत करावा लागतो, दहा मिनिटं मला दिसेचना काही.) माझं प्रतिबिंब चांगलं बोटभर खाली होतं. एन्लार्जरच्या पट्टीखाली पत्र्याची शिम घातली, मध्यावर आणलं, परत चार्ट.

चारही कोपरे ०.१५ ते ०.१७.

म्हणजे पंधरा दिवस जिला नावं ठेवली त्या किट लेन्सचा निम्मा दोष माझा. पहिल्या दिवशीचा तो धुक्यातला कोपरा पण वाकवलेल्या ट्रायपॉडचाच असणार. रिव्ह्यू करणाऱ्यांपैकी किती जण आरसा ठेवत असतील देव जाणे. आता ज्या कुणी कोपरे वाईट म्हणून लिहिलंय पण मांडणीचा एक फोटोसुद्धा दाखवलेला नाही, त्याच्यापुढं मी वहीत फुली मारतो.

तरी लेन्स घेणार आहे. पोट सुटलेली रेघ तशीच आहे, आणि ते लहान फोटो.

२ जुलै

बेळगावातच एकाकडं ६० मॅक्रो मिळाली, बाहेरनं नवी कोरी. दुकानदार म्हणाला कडक आहे. मोबाईलची बॅटरी मागनं मारली, पुढनं तिरकं बघितलं, आत कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी. आपल्याकडं चार महिने कपाट उघडलं की वास येतो, लेन्सला काय सोडणार. फोटोत दिसत नाही म्हणाला. आज दिसत नसेल. ठेवली परत. जगातल्या कुठल्याच टेस्टमध्ये हा रकाना नाही, कारण त्यांच्याकडं नव्या किंवा कोरड्या लेन्स येतात.

५ जुलै

हुबळीहून दुसरी आणली, चौदा हजार, तीन दिवसांत परत करायची बोली. विकणारा भला माणूस, "छलो ऐतिरी, नोडरी" (चांगली आहे, बघा) म्हणत स्वतःच बॅटरी काढून दिली. आत स्वच्छ, थोडी धूळ, धुळीनं काही होत नाही.

रात्री आरसा, शिम, चार्ट. एफ/५.६ ला मध्य ०.३०, कोपरे ०.२७, ०.२७, ०.२६ आणि खालचा उजवा ०.२१.

लगेच शिव्या दिल्या नाहीत ह्यावेळी. चार्ट एकशेऐंशी अंशात फिरवला, तरी खालचा उजवाच. म्हणजे कागदाचा दोष नाही. आरसा परत बघितला, मध्यावर. म्हणजे लेन्सचाच, आतली एखादी काच जराशी कलली असणार. मग एफ/८: मध्य ०.२७, कोपरे ०.२५, ०.२५, ०.२५, तो नडका ०.२३. भिंग लहान छिद्रातनं बघायला लागलं की फरक मिटत आला. मध्य थोडा उतरला तो डिफ्रॅक्शननं (छिद्र लहान केलं की त्यातनं येताना उजेड जरा पसरतो), तो सगळ्याच लेन्सचा उतरतो. आणि मध्यात किट लेन्सशी फरक किती, तर ०.२५ विरुद्ध ०.२७, डोळ्याला दिसणार पण नाही. पैसे गेले ते कोपऱ्यांसाठी, सरळ रेघेसाठी आणि त्या लहान फोटोंसाठी.

वहीत शेरा मारला: डेव्हिएशनवर पास, म्हणजे थोडा दोष मान्य करून. वापर फक्त एफ/८.

दाजींना आकडे दाखवले. म्हणाले, "ते सगळं राहू दे, पण लेन्स बरी आहे का?"

६ जुलै

आषाढी एकादशी. काम बंद. रात्री देवळात.

१३ जुलै, रविवार

काल आणि आज मामांच्या गावी, बाड क्रमांक १ आणि २, मिळून २१४ पानं. पेटीभर सामान, प्लेट दोघांनी उचलली. मामांनी एका बाजूनं पान धरायचं, मी दुसऱ्या. दिवे दोन्हीकडनं पंचेचाळीसच्या कोनात, नाहीतर शाई चमकते.

पहिली चाळीस पानं अधनंमधनं हललेली आली, एक चांगलं, एक खराब. लेन्सवर संशय घेण्याची आता हिंमत नव्हती. शेवटी दिसलं की माळ्याला लाकडी फळ्या, आणि मामा पान उलटून मागं सरले की फळी हलते, फळीबरोबर खांब, खांबाबरोबर कॅमेरा. मग लाइव्ह व्ह्यू लावून, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला आरसा आधीच वर, दोन सेकंदाचा टायमर, आणि मी "थांबा" म्हटलं की मामा श्वास धरून उभे. "फोटो काय एक्सरे रे हा?" म्हणाले. चाळीस परत काढली. पानं ओलीनं फुगलेली, बोटभर उचललेली, पण एफ/८ ला तेवढी खोली निभावली.

दुसऱ्या बाडात सत्तावन्नाव्या पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात (नेमका तोच कोपरा) पेन्सिलीत काहीतरी होतं, नुसत्या डोळ्यांनी मामांना लागलं नव्हतं कधी. लॅपटॉपवर मोठं केलं, कॉन्ट्रास्ट वाढवला. "शके १८५७. पखवाजाची शाई १२ आणे. बाकी ३ आणे येणे." मामांनी चष्मा पुसून तीनदा वाचलं. मग खाली ओरडून मामींना सांगितलं की तो खुंटीवरचा पखवाज आहे न्हवं, त्याचे तीन आणे अजून येणे आहेत.

पुढच्या रविवारी बाड ३. न्यायचं: जादा बॅटरी, सिलिका जेल, फळीखाली घालायला रबर पॅड चार.